न धुतलेला पडदा

पडदा वर गेला की समोर दिसतात दोन खोल्या, पत्र्याच्या छपराच्या, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या अंगाला. वेळ सकाळी साडेनवाची. पार्श्वसंगीत यंत्रमागांचं. ते इतकं अखंड की इथल्या माणसांना ऐकूच येत नाही, बंद पडलं तरच ऐकू येतं. डाव्या हाताला गॅसची शेगडी आणि तिच्यापुढे भाकरी थापणारी गौरम्मा. उजव्या हाताला लोखंडी खाट. खाटेवर भिमा, वय वर्षं चौऱ्याहत्तर, खांद्यावर निळ्या काठाचा टॉवेल. खाटेखाली एक हिरवी ट्रंक. त्या ट्रंकेकडे जरा लक्ष असू द्या.

दारातून प्रवेश होतो एका मुलीचा. पाठीवर सॅक, कपाळावर घाम, हातात फोन.

"भिमाकाका इथंच राहतात का?"

"काका कसले? आज्जा झालाय त्यांचा," गौरम्मा म्हणाली. "या की आत. बसा खाटंवर. ओ, सरका की जरा, पोरगी हुबी हाय."

मुलीचं नाव उत्कर्षा. पुण्यात चित्रांची प्रदर्शनं भरवणाऱ्या, चित्रं विकून देणाऱ्या एका संस्थेत ती काम करत होती. तिनं फोनवर एक जुना फोटो मोठा करून दाखवला. काळापांढरा, धुरकट. रंगमंचावर तीन नट आणि त्यांच्या मागं पडद्यावर छत्री धरलेला एक हत्ती.

"हा यशोदाबाईंनी रंगवलेला सर्कसचा पडदा. त्र्याऐंशी सालचा. आता बाईंची चित्रं घ्यायला लोक वर्षवर्ष थांबतात, काका. पण सोलापूरचं त्यांचं एकही काम शिल्लक नाही. असा एखादा पडदा निघाला तर घेणारा तयार आहे. तुम्ही म्हणाल ती किंमत देईल. बाई तर म्हणतात, माझी पहिली दहा वर्षं अक्कलकोट रोडच्या गटारीतून वाहून गेली."

गौरम्माचा हात भाकरीवर थांबला.

"तुमच्या नाटकमंडळातले जुने लोक म्हणाले, पडदे धुवायचं काम तुमच्याकडं होतं," उत्कर्षा म्हणाली. "म्हणून म्हटलं विचारावं."

भिमानं टॉवेलानं तोंड पुसलं. मग सावकाश, एकेक शब्द ठेवत तो म्हणाला, "धुतला. मीच धुतला. ह्या हातानं."

मुलीचा चेहरा उतरला, पण तिनं चहा घेतला, गौरम्माच्या हातची गरम भाकरी खाल्ली, आणि जाताना नंबर लिहून ठेवला. उद्या दुपारपर्यंत ती सात रस्त्याला एका लॉजवर होती. काही आठवलं तर सांगा म्हणाली.

ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि गौरम्मानं उलथनं आपटलं.

"धुतला म्हनं! मग एक्केचाळीस वर्सं मी दर दसऱ्याला कुनाच्या घड्या घालतीया? माज्या सवतीच्या?"

*

आता जरा मागं जाऊ. नाटकाला मागचा प्रवेश लागतोच.

सात रस्त्याच्या आसपास त्या काळी दहाबारा हौशी मंडळी होती. कुणी क्लार्क, कुणी मास्तर, कुणी गिरणीतला जॉबर. दिवसा पोटाचं, संध्याकाळी नाटकाचं. 'रंगसोबती' हे त्यातलंच एक मंडळ. हॉल मिळाला तर हॉलमध्ये, नाही मिळाला तर चौकात दोन बांबू रोवून. यशोदाबाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. मंडळात त्या भूमिका करायच्या आणि पडदेही रंगवायच्या. कधीकधी दोन्ही एकदमच. चौकातल्या नाटकात त्या संवाद म्हणता म्हणता मागच्या कोऱ्या कापडावर झाड काढायच्या, झाडाखाली माणूस काढायच्या, आणि शेवटच्या वाक्याला त्या माणसाला डोळे काढायच्या. लोक टाळ्या वाजवायचे त्या डोळ्यांना.

भिमा त्या मंडळात दोरीवर होता. दिवसा टॉवेलाच्या कारखान्यात रंगखात्याला, संध्याकाळी विंगेत. पडदे गुंडाळीचे. खाली बांबू शिवलेला, दोन बाजूंना दोऱ्या. दोरी ओढली की पडदा गुंडाळत वर जायचा, ढिली सोडली की उलगडत खाली यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण सोडताना एका बाजूची दोरी चार बोटं पुढं गेली की पडदा तिरका होतो, आणि राजवाडा तिरका झाला की राजाचं कुणी ऐकत नाही. भिमाची एक तऱ्हा होती. दोन्ही दोऱ्या उजव्या हातात एकत्र धरायचा आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला त्यांचा एक वेढा घ्यायचा. हाताला घाई झाली तरी पाय ती रोखून धरायचा. अकरा वर्षांत त्याचा पडदा एकदाही अडखळला नाही. आणि अकरा वर्षांत हँडबिलावर त्याचं नाव एकदाही छापलं गेलं नाही. ते छापावं असं त्यालाही कधी वाटलं नाही. दोरीला कुठं नाव असतं?

मंडळाकडं पडद्याचं कापड एकच, अठरा फूट बाय बारा. चांगला जाड मांजरपाट. दुसरं घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून रंग पावडरीचे, सरसात कालवलेले. नाटक संपलं की कापड धुवायचं आणि त्याच्यावर पुढच्या नाटकाचा देखावा काढायचा. गरम पाण्यात सरस सुटतो, रंग वाहून जातो. गरम पाण्याचा हौद कुठं? भिमाच्या रंगखात्यात. रविवारी कारखाना बंद असायचा. भिमा पडदा सायकलवर लादून न्यायचा, गच्चीवर पसरून धूळ झटकायचा आणि हौदात सोडायचा. किती जंगलं, किती देवळं, किती राजवाडे त्यानं असे पायानं तुडवून धुतले त्याची मोजदाद नाही.

त्र्याऐंशी साली मंडळानं सर्कसवरचं नाटक केलं. तीन प्रयोग झाले. तिन्ही प्रयोगांना भिमानं तो पडदा सोडला आणि ओढला. पण पाहिला नाही. दोरीवाला विंगेत असतो. त्याला पडद्याची फक्त कड दिसते, नाहीतर पाठ. रंगवायचं काम शाळेच्या हॉलमध्ये व्हायचं तेव्हा तो कारखान्यात पाळीवर असायचा. समोर बसून पडदा बघणारे शेकडो, पण पडदा सोडणारा त्यात कधीच नसायचा.

चौथ्या दिवशी रविवार. गच्चीवर त्यानं कापड पसरलं आणि पहिल्यांदाच ते चित्र उजेडात पाहिलं.

लालपिवळ्या पट्ट्यांचा तंबू. स्टुलावर छत्री धरलेला हत्ती. हातांवर चालणारा जोकर, त्याच्या पायांच्या तळव्यांवर ठेवलेली चहाची कपबशी. एक पांढरा घोडा. मधोमध झुल्यावर उलटी लोंबकळणारी, वेणी सुटलेली मुलगी. आणि अगदी वर, तंबूच्या शेंड्यापाशी, खांबाला टेकून बसलेला एक माणूस. त्याच्या हातात झुल्याची दोरी होती. खांद्यावर निळ्या काठाचा टॉवेल होता. आणि दोरीचा एक वेढा त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला होता.

भिमा तिथंच बसला. खाली हौदातलं पाणी वाफाळत होतं. ते निवेपर्यंत तो बसून राहिला.

ते पाणी निवलं ते निवलंच. पुढं काय झालं तेही सांगायला हवं. त्यानं पडदा घरी नेला. दुसऱ्या दिवशी आपल्या पगारातून मंगळवार पेठेतनं तेवढाच मांजरपाट आणला, दोन रविवार पाण्यात भिजवून, आपटून आपटून जुना केला, बांबू शिवला आणि मंडळात नेऊन ठेवला.

यशोदाबाईंनी कापडावरून हात फिरवला. "अरे भिमा, काय धुतलंस रे! कोरं करकरीत केलंस."

"व्हय बाई. गरम पानी जास्त घेतलं औंदा."

एवढंच खोटं. पण खोटं बोलायला बाईच समोर होत्या. पुढं दोन वर्षांनी बाई पुण्याला गेल्या, मंडळ मोडलं, आणि ते खोटं भिमाच्या खाटेखाली हिरव्या ट्रंकेत राहिलं.

*

"पैसं नकोत आपल्याला," भिमा म्हणाला. दुपार झाली होती आणि ताटातली भाकरी तशीच होती.

"पैशाचं कोन बोललं?" गौरम्मा म्हणाली. "त्या बाईला वाटतंय तिचं समदं गटारीत गेलं. आन् तुमी हितं बसलाय त्याच्यावर खाट टाकून. पाठीला बोचत न्हाय?"

"सांगितलं तर काय म्हनंल ती? कापड मंडळाचं. चित्र बाईचं. मी कोन? दोरीवाला. चोरच म्हनंल की मला."

"म्हनंल तर म्हनंल."

"तिनं चोर म्हनाया नको," भिमा म्हणाला. "दुनियेनं म्हनावं. तिनं न्हाय."

गौरम्मानं मग जास्त ताणलं नाही. हा माणूस तिला पंचावन्न वर्षं माहीत होता. लग्नाचा हार त्यानं न बघताच घातला होता, पण त्र्याऐंशी साली ट्रंकेला कुलूप घातल्यावर ते तीनदा ओढून पाहिलं होतं. तिनं फक्त भाकरी झाकून ठेवली आणि कानडीत काहीतरी पुटपुटली. ते बहुधा त्याच्या आईविषयी असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिमानं सायकल काढली. गुडघ्यांनी ती चालवणं बंद केल्यापासून ती भिंतीला टेकून होती. गौरम्मा दारातनं ओरडली, "हवा हाय का बगा तिच्यात! न्हायतर तुमच्यात!" पण तो निघाला. अर्धं अंतर चालवत, अर्धं ढकलत, सात रस्त्याच्या रिक्षांच्या गर्दीतनं वाट काढत तो लॉजखालच्या चहाच्या टपरीपाशी पोहोचला तेव्हा उत्कर्षा सॅक पाठीला लावून उभीच होती.

"काका! पाणी घ्या आधी. बसा."

"बसत न्हाय. बसलो तर परत बोलनार न्हाय." त्यानं सायकलचं हँडल घट्ट धरलं. "पोरी, काल मी खोटं बोललो. धुतला न्हाय मी. हाय तो."

उत्कर्षाचा चहा सांडला. टपरीवाला म्हणाला, "ताई, दुसरा देऊ?" तिला ऐकू आलं नाही.

"फकस्त बाईला तुमी सांगू नका," भिमा म्हणाला. "मला सांगू द्या. तोंडावर."

*

यशोदाबाई आठव्या दिवशी आल्या. भिमाला काहीतरी तोंडावर सांगायचंय, एवढंच उत्कर्षानं त्यांना कळवलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हातात काठी, केस पुरते पांढरे, पण दाराच्या चौकटीत त्या थांबल्या त्या थेट विंगेतून प्रवेश करणाऱ्या नटीसारख्या. आधी सगळी खोली एका नजरेत, मग माणूस.

"भिमा. म्हातारा झालास की रे."

"तुमी न्हाय झाला, बाई."

"खोटं बोलतोस."

भिमाचा चेहरा पडला. बाईंनी सहज म्हटलं होतं, पण ते बरोबर जागेवर बसलं.

पडदा शेजारच्या गोडाऊनमध्ये पसरायचा ठरला होता, तेवढी जागा घरात कुठली. टॉवेलांचे गठ्ठे बाजूला सरकवले. भिमानं आणि गौरम्मानं दोन टोकं धरून घडी उलगडायला सुरुवात केली आणि पहिल्याच घडीला उत्कर्षाच्या तोंडून "अरे देवा" निघालं.

रंगाला भेगा पडल्या होत्या. एकदोन नाही. उभ्या, आडव्या, तिरक्या. घोड्याच्या पाठीवरनं, हत्तीच्या छत्रीवरनं, तंबूच्या पट्ट्यांवरनं, सगळीकडं.

"याची घडी घातली होती तुम्ही?" उत्कर्षा म्हणाली. "काका, हे गुंडाळून ठेवायचं असतं. घडीवर सरस तडकतो."

"आमी टॉवेलवाले," भिमा म्हणाला. आवाज अगदी बारीक. "कापडाची घडीच घालतो आमी. ती पन एकाच जागी ठिवत न्हाय. शालू-इरकलीचं करत्यात तसं. दर दसऱ्याला जुनी घडी मोडायची, चार बोटं सरकवून नवी घालायची, म्हंजे कापड एका रेषेवर झिजत न्हाय. एक वरीस चुकवलं न्हाय, बाई. हिला इचारा."

म्हणजे जपलं म्हणूनच मोडलं होतं. दर दसऱ्याला, आंघोळ करून, उदबत्ती लावून, दोघांनी मिळून एकेक नवी भेग घातली होती. एक्केचाळीस वर्षांच्या प्रेमानं त्या कापडाचं काय झालं होतं, ते सगळे बघत उभे होते.

भिमानं आता सगळं सांगितलं. गच्ची, हौद, निवलेलं पाणी, मंगळवार पेठेतला मांजरपाट. न थांबता सांगितलं, खाली बघत. शेवटी म्हणाला, "बाई, ते वरचं मानूस धुवायला पाय उचलला न्हाय माजा. चोरी केली मी. आन् चोरलेलं नीट ठिवलं बी न्हाय."

 काठी टेकत बाई पडद्याच्या कडेकडेनं फिरल्या. जोकरापाशी थांबल्या, घोड्यापाशी थांबल्या. झुल्यावरच्या मुलीपाशी बराच वेळ थांबल्या.

एवढी शांतता गौरम्माला झेपणारी नव्हती. "बाई, एक इचारू का?" ती म्हणाली. "ही पोरगी वर उलटी टांगलीय, आन् खाली जाळी न्हाय. एक्केचाळीस वर्सं ह्यांचा जीव टांगनीला. दर दसऱ्याला म्हनत्यात, गौरे, पोरगी पडंल गं. का न्हाय काढली तुमी जाळी?"

"वेळ नव्हता गं," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी प्रयोग. जाळी तशीच राहून गेली."

गौरम्मानं मुलीच्या खालच्या भेगांकडं बोट केलं. उभ्या, आडव्या, तिरक्या. "मग झाली की आता. ह्यांनी इणली. दर वर्साला एक दोरा."

बाईंनी वाकून पाहिलं. आणि हसू लागल्या. आधी नुसते खांदे, मग सगळं अंग, मग डोळ्यांतनं पाणी. काठी खाली पडली. उत्कर्षानं हात पुढं केला, पण बाईंनी तो बाजूला सारून भिमाचा उजवा हात धरला आणि तळवा उताणा केला. दोरीचे जुने वळ अजून होते.

"मूर्खा," त्या म्हणाल्या, "तुला काय वाटलं, टॉवेलाचा काठ मी उगाच निळा काढला? तू धुवायला नेशील तेव्हा दिसावं तुला, म्हणून काढला होता तो माणूस. तू काहीच बोलला नाहीस. मला वाटलं, बघितलंसुद्धा नाहीस. पाय दिलास त्याच्यावर आणि घरी गेलास. पुण्याला गेल्यावरही कधीकधी तेच आठवायचं मला." त्यांनी नाक पुसलं. "आणि ते नवं कापड! त्याच्यावर मी जंगल काढलं, आणि शाळेत सगळ्यांना सांगत सुटले, आमचा भिमा काय धुतो म्हणून!"

 भिमानं टॉवेल तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

*

पडदा कुणाचा, यावर दोघांचं खरोखरीचं भांडण झालं. बाई म्हणाल्या, भिमाचा. भिमा म्हणाला, मंडळाचा. मंडळ उरलं नव्हतं, म्हणून त्यातले हयात चार म्हातारे बोलावले. त्यांनी दोन तास चहा पिऊन एकमतानं ठरवलं, की कापड भिमानं पगारातून भरून दिलं होतं, म्हणजे जुनं त्याचं झालं. विकायचं भिमानंच ठरवलं. ट्रंकेत ठेवलं तर आपण घडी घातल्यावाचून राहणार नाही, म्हणाला. पैशांचं काय केलं ते गौरम्माला विचारा, ती सांगणार नाही.

घेणाऱ्या माणसानं अट मान्य केली, की पडद्याखालच्या पाटीवर बाईंच्या नावाशेजारी भिमाचं नाव यावं. ही अट बाईंची. भिमाची अट वेगळी होती. पडदा पुण्याला जाण्याआधी एकदा टांगायचा. आणि दोरीवर तो नसेल.

पुण्याहून आलेल्या जाणत्या माणसानं चार दिवस बसून सुटलेला रंग जागेवर बसवला आणि पडदा जाड नळीवर गुंडाळून दिला. "एकदाच सोडायचा," उत्कर्षानं बजावलं, "एकदाच. हलक्या हातानं." शाळेचा तोच हॉल मिळाला. रविवारची संध्याकाळ. चाळीसपन्नास माणसं. पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर भिमा, इस्त्रीचा सदरा, खांद्यावर निळ्या काठाचा नवा टॉवेल. शेजारी गौरम्मा, इरकलीत. भिमा दोनदा उठून विंगेकडं जायला निघाला आणि दोन्ही वेळा तिनं त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

"ऱ्हावा की गप. तुमच्या बापाचं लगीन लागतंय व्हय तितं?"

तिसरी घंटा झाली. विंगेत, उत्कर्षाच्या आधारानं, यशोदाबाईंनी चप्पल काढली आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला दोरीचा वेढा घेतला.

पडदा उलगडू लागला. गुंडाळीचा पडदा वरून खाली उलगडतो, म्हणून सगळ्यांत आधी दिसला तंबूचा शेंडा आणि शेंड्याखाली दोरी धरून बसलेला माणूस. मग झुला. मग वेणी सुटलेली मुलगी. तिच्याखाली एक्केचाळीस दोऱ्यांची जाळी. मग घोडा, हत्तीची छत्री, जोकराची कपबशी. एकदाच थोडा तिरका झाला, तेव्हा भिमाचा डावा पाय खुर्चीखाली आपोआप ताणला गेला, आणि पडदा सरळ झाला.

टाळ्या पडल्या. भिमा वाजवत नव्हता. तो बघत होता, हात मांडीवर, तोंड थोडं उघडं.

विंगेतून बाईंचा आवाज आला, दम लागलेला. "भिमा! समोरून कसा दिसतो रे?"

सगळा हॉल त्याच्याकडं वळला. भिमानं घसा साफ केला आणि म्हणाला,

"बाई, गुंडाळा की परत. अजून एकदा सोडा."